ओल जाते कुठे?

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावी एकदा एक वृद्ध वैद्यीण राहत होती. नाव गोदाक्का. पंचक्रोशीतल्या बाळंतपणाला आणि तापाच्या दुखण्याला तिचाच आधार. घर साधे, कौलारू. पण रुग्णांसाठी सहा खाटा त्यात कायम अंथरलेल्या असत आणि क्वचितच एखादी रिकामी राही.

या गोदाक्काकडे केशर नावाची एक शिष्या विद्या शिकायला आली. घाटावरच्या एका कोष्ट्याची ती मुलगी, वय सत्तावीस-अठ्ठावीस. नवराही मागावरच बसणारा. बायकोला सुईणपण शिकायचे आहे असे कळल्यावर त्यानेच तिला घाट उतरून आणून सोडले आणि "वर्षभर नीट शीक, घरची काळजी करू नकोस," असे सांगून तो परत गेला. केशरचे हात चपळ होते, माया अमाप होती. आणि एक खोड होती. प्रत्येक गोष्टीला ती 'का' विचारी. अडुळशाची पाने सकाळीच का खुडायची? बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी डाव्या अंगालाच का सरकवायची? गोदाक्का कधी उत्तर देई, कधी नुसती हसे.

"विचारत जा," ती एकदा म्हणाली, "फक्त उत्तर माझ्याच तोंडून आलं पाहिजे, असा हट्ट धरू नकोस."

केशरला वाटले होते, आल्या आल्या मुळ्या, साली, मात्रा यांचे ज्ञान मिळेल. पण आषाढ लागला आणि गोदाक्काने तिच्यावर एकच काम सोपवले: घरातले धुणे वाळवणे.

"एवढंच?" केशरने विचारले.

"ज्याला रुग्णाच्या अंगाखाली कोरडं कापड देता येत नाही, त्यानं त्याच्या पोटात औषध देऊ नये," गोदाक्का म्हणाली आणि काढा ढवळायला निघून गेली.

त्या प्रदेशातला आषाढ म्हणजे काय, हे घाटावरून आलेल्या केशरला ठाऊक नव्हते. तिकडे पाऊस पडे आणि थांबे. इथे तो दिवसच्या दिवस राहायला येई. मिठाला पाणी सुटे, पापड मऊ पडत, आणि दोरीवरचे लुगडे तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागे. घरात रोज निदान पन्नास कपडे धुतले जात. चादरी, पंचे, लुगडी आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे तान्ह्या मुलांची बाळोती.

केशरने कंबर कसली. ओटीलगतची एक लहान खोली तिने वाळवणाला घेतली. भिंतीपासून भिंतीपर्यंत वलण्या बांधल्या आणि त्यांवर कपडे एकाला एक लागून टांगले. मधोमध तीन शेगड्या पेटवल्या. ऊब वाया जाऊ नये म्हणून दार लावून घेतले, खिडकी बंद केली, आणि वाऱ्याला शिरायला जागा राहू नये म्हणून फटींमध्ये चिंध्या कोंबल्या. दर घटकाभराने ती आत जाई, शेगड्यांत लाकूड सारी आणि घामाघूम होऊन बाहेर येई. आत गेले की डोके जड होई, डोळे चुरचुरत. पण कष्ट पडताहेत म्हणजे काम होत असणारच, असा तिचा समज होता.

कपडे मात्र वाळेनात. गरम होत, पण वाळत नसत. वलणीवरून काढताना ते उबदार आणि जड लागत. थोड्या वेळाने गार आणि जड. त्यांना एक कुबट वास येऊ लागला. एका तान्ह्या मुलीच्या मांड्यांवर लाल पुरळ उठले. केशरने आणखी एक शेगडी वाढवली.

मागच्या पडवीत लाकडांची जी रास पोळ्यापर्यंत पुरावी म्हणून रचून ठेवली होती, ती आषाढ अर्धाही सरला नाही तोच कमरेइतकी खाली आली. पावसाळ्यात रानातून सुके लाकूड मिळत नाही. त्याच राशीवर काढे उकळायचे होते, बाळंतिणींचे पाणी तापवायचे होते. केशर रोज त्या राशीकडे पाही आणि उरलेल्या लाकडांचा हिशेब करी.

अशात एके दिवशी गावातले गुळाचे व्यापारी निंबाशेठ आपल्या सुनेला घेऊन आले. सुनेचे नाव शेवंता. पहिलीच खेप, दिवस भरत आलेले, पायांवर सूज. बैलगाडीतून तिला उतरवून घेईपर्यंत सगळेच भिजले. शेठजींचे लक्ष पडवीतल्या लाकडांकडे गेले.

"अक्का, एवढ्या लाकडांत तुमचा आषाढसुद्धा निघायचा नाही," ते म्हणाले. "माझ्या गुऱ्हाळाच्या वखारीत सुकं लाकूड भरलेलं आहे. उद्या दोन गाड्या पाठवतो."

केशरला हायसे वाटले. तोच गोदाक्का म्हणाली, "नको, शेठ."

"अहो, दाम नकोत मला. सून इथे असणार आहे माझी."

"ते कळलं. पण आज नको. लागलं तर मीच मागेन."

निंबाशेठांना नवल वाटले, पण वैद्यिणीशी वाद कोण घालणार? ते गेले. केशरचे तोंड उतरले. दारी चालून आलेले लाकूड म्हातारीने परत का पाठवावे? अभिमान म्हणावा, तर गोदाक्का कुणाकडून मूठभर नाचणीसुद्धा दोन्ही हातांनी घेई. केशरने रीतीप्रमाणे 'का' विचारले. गोदाक्का शेवंताच्या पायाला लेप लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी केशर विहिरीवरून आली आणि वाळवणाच्या खोलीपाशी थबकली. दार सताड उघडे होते. आतल्या चारही शेगड्या विझवलेल्या. फटींतल्या चिंध्यांचा ढीग उंबऱ्यावर पडला होता. खिडकी उघडी, वरचा झरोकाही उघडा. आणि गोदाक्का शांतपणे वलणीवरचे कपडे एकआड एक काढून टोपलीत टाकत होती. बाहेर पाऊस कोसळत होता.

"अक्का! हे काय?" केशर जवळजवळ ओरडलीच. "बाहेरची ओली हवा आत येतेय!"

"येऊ दे."

"आणि ऊब सगळी बाहेर जातेय."

"जाऊ दे."

"मग कपडे वाळणार कसे?"

"आत्तापर्यंत कसे वाळत होते?" गोदाक्काने विचारले.

टोपली काखेला मारून गोदाक्का मागच्या अंगाला गेली. जाताना म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत या खोलीतलं काही हलवू नकोस. नुसतं बघ."

नुसते बघणे हे केशरला सगळ्यांत कठीण जाई. दुपारपर्यंत तिने चार वेळा खोलीत डोकावले. वारा आत येत होता आणि कपडे हलत होते, एवढेच तिला दिसले. दुपारी शेवंताच्या पोटात कळा सुरू झाल्या. अपेक्षेपेक्षा आठ दिवस आधी. गोदाक्का तिच्यापाशी बसली. केशरच्या मनात एकच विचार घोळू लागला: संध्याकाळपर्यंत मूल होईल. त्याला गुंडाळायला कोरडे कापड कुठे आहे?

तिने वलणीवरच्या एका दुपट्याला हात लावला. गार लागले. आता धीर धरवेना. तिने दार लावले, खिडकी लावली, चिंध्या परत कोंबल्या. विझलेल्या शेगड्यांत पडवीतली, पावसाने ओलसर झालेली लाकडे नीट पेट घेईनात, म्हणून ती चुलीमागे गेली. तिथे काढ्यासाठी राखून ठेवलेली खैराची सुकी लाकडे होती. रखमाआजी नावाची एक म्हातारी तापाने फणफणलेली आठ दिवस एका खाटेवर पडून होती. तिचा काढा त्याच लाकडांवर सावकाश आटवायचा असे. केशरने क्षणभर विचार केला. मग ती लाकडे उचलली आणि चारही शेगड्या धगधगत्या केल्या.

दिवेलागणीला शेवंता मोकळी झाली. मुलगा झाला. लहानसा, पण खणखणीत रडणारा. नाळ कापून गोदाक्काने हात पुढे केला. "केशर, कापड."

केशर धावत खोलीत गेली. दार उघडताच गरम, दमट वाफेचा लोट अंगावर आला. भिंतींवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. तिने एक बाळोते चाचपले, दुसरे चाचपले, तिसरे. सगळी उबदार, सगळी ओली. दुपारी वाऱ्यावर हलणारे जे दुपटे तिला गार लागले होते, ते आता लुळे पडून वलणीला चिकटले होते.

ती रिकाम्या हातांनी परत आली. "अक्का, एकही वाळलेलं नाही."

गोदाक्काने तिच्याकडे एकदा पाहिले. बाळ तिने आपल्याच पदराखाली, छातीशी घेतले होते. "स्वयंपाकघरामागच्या बोळात जा," ती म्हणाली. "वेळूवर टाकलेली आहेत. ती आण."

स्वयंपाकघराची मागची भिंत आणि परसदार यांच्या मध्ये एक अरुंद, छपराखालचा बोळ होता. तिथे केशर कधी फारशी गेलीच नव्हती. आडव्या बांधलेल्या एका वेळूवर सकाळी काढलेली बाळोती वीत-वीत अंतरावर पसरून टाकलेली होती. परसदार उघडे होते. एका बाजूला चुलीच्या भिंतीची ऊब होती, आणि बोळातून वारा सरकत वरच्या कौलांमधल्या फटीकडे निघून जात होता. केशरने पहिल्या बाळोत्याला हात लावला. कोरडे! दुसरे कोरडे. टोकाचे एकच किंचित दमट होते. कुणी त्यांच्यासाठी लाकडाची ढलपीसुद्धा जाळली नव्हती.

ती सारी छातीशी घेऊन ती धावली. बाळ गुंडाळले गेले, आईच्या कुशीत गेले, आणि रडे थांबले. मग गोदाक्का उठली, हात धुतले आणि रखमाआजीचा काढा चढवायला चुलीकडे गेली. खैराच्या लाकडांची जागा रिकामी होती.

केशर तिच्या मागेच उभी होती. खोटे बोलण्याइतके तिच्यात त्राण नव्हते. "ती मी जाळली," ती म्हणाली. "तुम्ही खोलीतलं काही हलवू नको म्हटल्यावरही."

गोदाक्काने काढ्याचे भांडे पुन्हा खाली ठेवले.

त्याच रात्री निंबाशेठ नातवाला पाहायला आले, तेव्हा ओटीवर त्यांना गूळपाणी दिल्यावर गोदाक्का म्हणाली, "शेठ, एक मोळी सुकं लाकूड आत्ताच्या आत्ता पाठवाल का?"

शेठजींना हसू आवरेना. "काल दोन गाड्या नको म्हणालात, आणि आज एक मोळी मागता?"

"काल आमच्या अज्ञानाला लाकूड लागलं असतं, त्याला दोन गाड्याही पुरल्या नसत्या," गोदाक्का म्हणाली. "आज काढा उकळायचा आहे. त्याला मोळी पुरे."

"अज्ञान माझं," केशर दारातून पुढे येऊन म्हणाली. "काढ्याचं लाकूड मी जाळलं, शेठजी. अक्कांचा त्यात दोष नाही."

शेठजींनी एकदा तिच्याकडे, एकदा म्हातारीकडे पाहिले, पागोटे सावरले आणि गडी पिटाळला. मोळी आली. रखमाआजीचा काढा दोन घटका उशिरा झाला, पण झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशर स्वतःहून गोदाक्कापुढे जाऊन बसली. "अक्का, मला रागवा हवं तर. पण आधी सांगा, असं का झालं? चार शेगड्यांनी जे वाळलं नाही, ते उघड्या दारात कसं वाळलं?"

गोदाक्काने डोळे मिचकावले. रात्रीपासून ती याच प्रश्नाची वाट पाहत असावी. "विहिरीचं ताजं पाणी भरून तांब्या आण. बाहेरून नीट कोरडा पूस."

केशरने आणला. दोघी वाळवणाच्या खोलीत गेल्या. काल संध्याकाळपासून ती तशीच बंद होती. शेगड्यांत अजून धुगधुगी होती. गोदाक्काने तांब्या जमिनीवर ठेवला. पाहता पाहता त्याची चकाकी मावळली. बारीक थेंब धरले, थेंबाला थेंब मिळाला, आणि एक ओघळ सरकन खाली आला.

"तांब्या गळतोय का?" गोदाक्काने विचारले.

केशरने तांब्या उचलून बुड पाहिले. "नाही."

"मग हे पाणी कुठलं?"

केशर उकिडवी बसली. तिने थेंबावरून बोट फिरवले. वर कपड्यांकडे पाहिले, मग ओघळलेल्या भिंतीकडे. "कपड्यांतलं," ती हळूच म्हणाली. "म्हणजे ते कपड्यांतून निघालं होतं!"

"निघालं होतं. तू तापवलंस, त्यानं उठायचं कबूल केलं. मग?"

"मग... दार बंद होतं."

"हं."

"जाणार कुठे? भिंतीवर बसलं. परत कपड्यांवर बसलं." केशर एकदम उभी राहिली. "आणि मी पुन्हा लाकूड घालून तेच पाणी पुन्हा तापवत होते!"

गोदाक्का उंबऱ्यावर टेकली. "पोरी, ओल्या कापडाला दोन गोष्टी लागतात. पाण्याला उठवायला थोडी ऊब, आणि उठलेल्या पाण्याला निघून जायला वाट. ऊब देणं आपल्याला दिसतं. लाकूड जळतं, घाम येतो, काहीतरी करतोय असं वाटतं. वाट ठेवणं दिसत नाही, म्हणून ते आपण विसरतो. पावसातला वारा ओला असतो हे खरं. पण या कोंडलेल्या खोलीइतका ओला नसतो. चुलीच्या उबेला आला की त्याला तहान लागते. तो कापडातलं पाणी पितो आणि वरच्या फटीतून चालता होतो. चूल तर आपली दिवसभर काढ्यांसाठी जळतेच. तिच्या पाठीमागची ऊब आजवर फुकट जात होती. मी शेठची लाकडं घेतली असती, तर तू महिनाभर शेगड्याच वाढवत राहिली असतीस आणि ओल जाते कुठे, हे कधी विचारलंच नसतंस. दुसरं असं, की कोंडलेल्या खोलीतला विस्तव माणसाच्या जिवावरही उठतो. तुझं डोकं उगीच जड होत नव्हतं. ते मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुझ्या 'का'ची वाट पाहत बसले, ती माझी चूक."

गुरूने आपली चूक अशी सहज सांगितलेली केशरने पूर्वी कधी ऐकली नव्हती. ती खिडकी उघडायला गेली.

त्या दिवसापासून तिचे कुतूहल मोकाट सुटले. बोळात आणखी तीन वेळू बांधले गेले. कपडा सुटा टाकला तर किती वेळ लागतो आणि दुहेरी टाकला तर किती, हे ती पाहत बसे. चादरीची जाड किनार वर केली तर लवकर सुकते, की खाली? पिळून झालेले बाळोते कोरड्या पंच्यात गुंडाळून पुन्हा एकदा पिळले, तर पंचा ओलाचिंब होई आणि बाळोते निम्म्या वेळात वाळे. "जे पाणी मनगटानं निघतं, त्याला विस्तव कशाला?" असे ती रखमाआजीला समजावून सांगे, आणि ताप उतरलेली रखमाआजी खाटेवरून तिला पंचा पिळायला मदत करी. पावसाने तासभर जरी उघडीप दिली, तरी वळचणीखाली चादरी फडकत. कुबट वास गेला. त्या तान्ह्या मुलीच्या मांड्यांवरचे पुरळ मावळले. शेगड्या माळ्यावर गेल्या. पडवीतली रास श्रावणभर जवळजवळ तशीच राहिली.

शेवंताला न्यायला निंबाशेठांच्या पत्नी स्वतः आल्या. केशरने बाळाच्या कपड्यांची घडी त्यांच्या हाती दिली. बाईंनी ती नाकाशी नेली, गालाला लावली आणि त्या चकित झाल्या.

"अगं, या दिवसांत एवढं कोरडं? आमच्याकडे दोन-दोन शेगड्या जाळूनही मेलं लुगडं वाळत नाही. काय करता तुम्ही?"

सगळी हकिगत केशरच्या जिभेवर आली होती. बोळ, वेळू, तांब्या, वारा. गोदाक्का आत मात्रा उगाळत होती. तिचा हात किंचित थांबला. केशरने क्षणभर विचार केला आणि बाईंना म्हणाली, "काकू, तुम्ही शेगडी लावता, तेव्हा खोलीचं दार उघडं असतं की बंद?"

"बंदच की. ऊब जाईल ना."

"बरं. मग कपड्यातलं पाणी कुठून जात असेल?"

बाईंनी हातातल्या घडीकडे पुन्हा एकदा पाहिले. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली. आत सहाणेवर मात्रेचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आपल्या घरातही कपडे वाळत नसले, तर विस्तव वाढवण्याआधी एकदा खिडकीकडे पाहावे.